गाणं तिचं, हिशेब कुणाचा?

एल्विस प्रेस्लीचं ‘हाउंड डॉग’ हे गाणं पाश्चात्त्य संगीताची फारशी ओळख नसलेल्यांनीही कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. रॉक अँड रोल नुकतं लोकांपुढे येत होतं, त्या १९५६ सालातलं हे गाणं. कंबर हलवत गाणारा देखणा गोरा तरुण आणि समोर किंचाळणाऱ्या मुली, असं त्या काळाचं एक चित्र आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. पण हे गाणं मुळात एका बाईसाठी लिहिलं गेलं होतं. एका काळ्या बाईने ते एल्विसच्या चार वर्षं आधी ध्वनिमुद्रित केलं होतं आणि तिच्या तोंडी त्याचा अर्थ अगदी वेगळा होता. हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

अलीकडे या बाईची हकिगत अधूनमधून सांगितली जाते. सांगण्याची रीत ठरलेली आहे: गोऱ्याने काळीचं गाणं चोरलं, तो कोट्यधीश झाला, ती गरिबीत मेली. यात खोटं फारसं नाही. पण गोष्ट एवढ्यावरच थांबवली, तर आपण चार घटका हळहळतो आणि विषय संपतो. मला वाटतं, या गाण्याचा इतिहास स्त्री-चळवळीने जरा बारकाईने वाचायला हवा. तिचं नेमकं काय गेलं, कुणाकुणाकडे गेलं आणि कोणत्या नियमाने गेलं, हे पाहायला हवं. कारण यातलं बहुतेक सगळं कायद्याला धरून झालेलं आहे.

विली मे थॉर्नटन हे तिचं नाव. जन्म ११ डिसेंबर १९२६चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातला. वडील धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये गाणारी, घरात सात भावंडं. आई लवकर गेली, शाळा सुटली. दारूच्या गुत्त्यातल्या पिकदाण्या घासण्याचं काम पोरवयात वाट्याला आलं. १९४० साली एका फिरत्या नाच-गाण्याच्या कंपनीबरोबर ती घराबाहेर पडली. गाणं, ड्रम, माउथ ऑर्गन, सगळं नुसतं बघून-ऐकून शिकली. १९४८ साली टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टन शहरात येऊन राहिली. अंगापिंडाने थोराड, आवाज खणखणीत. रंगमंचावर गायिकेने झुळझुळीत झगा घालायचा हा रिवाज तिने फारसा मानला नाही. शर्ट, पँट आणि बूट हा तिचा वेश. तिच्या या धिप्पाडपणावरून ‘बिग मामा’ हे नाव पडलं आणि तेच पुढे चालू राहिलं.

ह्यूस्टनमध्ये डॉन रोबी नावाच्या व्यावसायिकाची पीकॉक रेकॉर्ड्स ही कंपनी होती. रोबी स्वतः कृष्णवर्णीय होता, हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. १९५१ साली थॉर्नटनने या कंपनीशी करार केला. ऑगस्ट १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला जॉनी ओटिस या बँडप्रमुखाने आपल्या तालमीला दोन तरुण गीत-संगीतकार बोलावले, जेरी लीबर आणि माइक स्टोलर. दोघे गोरे, ज्यू कुटुंबांतले, वय जेमतेम १९ वर्षांचं. त्यांनी थॉर्नटनला गाताना पाहिलं, ऐकलं आणि थोड्याच वेळात तिच्यासाठी गाणं लिहून काढलं. शब्द लीबरचे, चाल स्टोलरची. १३ ऑगस्टला ते ध्वनिमुद्रित झालं.

म्हणजे गाणं तिने लिहिलेलं नव्हतं. ही गोष्ट लपवून आपली बाजू बळकट होत नाही. पण ते तिच्याकडे पाहून, तिच्या आवाजाच्या मापाने बेतलेलं होतं. गाण्यातला ‘हाउंड डॉग’ म्हणजे खराखुरा कुत्रा नव्हे. बाईच्या दाराशी घुटमळणारा, तिच्या कमाईवर बसून खाणारा, गोड बोलून पुन्हा पुन्हा परत येणारा ऐतखाऊ पुरुष म्हणजे ‘हाउंड डॉग’. गाणारी बाई त्याला ओळखून आहे. ती रडत नाही, मनधरणी करत नाही, तो सोडून गेला म्हणून झुरतही नाही. ती त्याला दारातूनच परत पाठवते. ‘तुझं खरं रूप मला कळलंय, आता इथे काही मिळायचं नाही’, असा सगळा सूर. प्रेमभंगाने व्याकूळ झालेल्या नायिकांची गाणी जगभर ढिगाने सापडतात. घर माझं, कमाई माझी, तू निघ, असं ठणकावून सांगणाऱ्या बाईचं गाणं त्या मानाने दुर्मीळ.

आणि ते तिने गायलं कसं? साथीला गिटार, ठेका, बाकी फारसं काही नाही. शब्द ताणत, मध्येच गुरगुरत, गिटारवाल्याशी बोलत, त्याला चिथावत ती गाते. शेवटी बँडमधले पुरुष कुत्र्यासारखे भुंकतात, विव्हळतात. या आरोळ्या, हे बोलणं आपण स्वतः घातलं, असं ती पुढे मुलाखतींतून सांगत असे. कागदावर यातलं काहीच नव्हतं. पण हे काढून टाकलं, तर गाण्यात काय उरतं?

१९५३च्या सुरुवातीला रेकॉर्ड बाजारात आली आणि तुफान चालली. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिला क्रमांक. हीच यादी १९४९ पर्यंत ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे काळ्या वंशाच्या लोकांच्या रेकॉर्ड्स, या नावाने छापली जात असे. नाव बदललं, भिंत तशीच राहिली. काळ्यांची गाणी एका यादीत, गोऱ्यांची दुसरीत. थॉर्नटनच्या सांगण्याप्रमाणे, या गाण्यापोटी तिला ५०० डॉलरचा एक चेक मिळाला. त्यानंतर काही नाही.

हे पैसे कुणी बुडवले? रेकॉर्ड पीकॉकची होती. म्हणजे हा व्यवहार एल्विस या गाण्याजवळ येण्याच्याही आधीचा आहे. मालक काळा, गायिका काळी. वर्णभेदाने सगळा खुलासा होत नाही, तो इथे. मालकी ज्याच्या हातात आहे आणि राबणं जिच्या वाट्याला आहे, त्यांच्यातला हा व्यवहार आहे. आपल्याच समाजातला, आपल्याच जातीतला माणूस मालक असला म्हणजे बाईच्या कामाचा हिशेब चोख होतो, असा अनुभव कुठल्याच देशातल्या बायकांना नाही.

पण रोबीने फक्त बाईलाच फसवलं असंही नाही. लीबर आणि स्टोलरना त्याने दिलेला १२०० डॉलरचा चेक वटला नाही. मग फरक कुठे पडला? फरक असा, की ते दोघे गीत-संगीतकार होते. कायद्याच्या लेखी गाणं त्यांचं होतं. आज बुडालं ते उद्या मिळवण्याची वाट त्यांच्यासाठी उघडी होती. गाणारीसाठी अशी वाटच नव्हती.

त्या वाटेवर कोण कोण भांडलं, हेही पाहण्यासारखं आहे. १९५३ सालीच मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने या गाण्याला उत्तर म्हणून ‘बेअर कॅट’ नावाची रेकॉर्ड काढली. गायक रूफस थॉमस. चाल तीच, फक्त आता पुरुष बाईला बोल लावतो. बाईने पुरुषाला दार दाखवलं, त्याचं उत्तर बाजाराने काही आठवड्यांत हजर केलं! रोबीने सन रेकॉर्ड्सवर दावा लावला आणि तो जिंकला. पुढे १९५६ नंतर जॉनी ओटिसने गाण्यात आपलाही वाटा आहे म्हणून दावा केला, तो न्यायालयाने फेटाळला. या खटल्यांत होते कंपनीमालक, प्रकाशक, बँडप्रमुख आणि गीत-संगीतकार. जिच्या आवाजामुळे या गाण्याला भांडण्याइतकी किंमत आली, ती विली मे थॉर्नटन कुठल्याच बाजूला नव्हती. तिच्याकडे भांडण्यासारखं काही आहे, असं कायदाच मानत नव्हता.

आता एल्विसकडे येऊ. १९५६च्या वसंतात तो लास व्हेगसला कार्यक्रम करत होता. तिथे फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज नावाचा गोऱ्यांचा एक बँड हे गाणं गंमत म्हणून सादर करत असे. त्यांनी १९५५ सालीच शब्द बदलून त्याची रेकॉर्ड काढली होती. रेडिओवर चालावं, ‘सभ्य’ श्रोत्यांना खटकू नये, म्हणून पुरुषाचा संदर्भ काढला आणि सशाची शिकार न जमणारा खराच कुत्रा तिथे आणून बसवला. एल्विसने उचललं ते हे रूप. ५ जून १९५६ ला त्याने ते टेलिव्हिजनवर गायलं आणि त्याच्या कंबर हलवण्यावरून गदारोळ झाला. मग १ जुलैला दुसऱ्या एका कार्यक्रमात त्याला सूट-बूट चढवून, टोपी घातलेल्या खऱ्या कुत्र्यासमोर उभं करून हेच गाणं गायला लावलं. दुसऱ्या दिवशी न्यू यॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण झालं. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ‘डोन्ट बी क्रूएल’ होतं. ही जोडी अमेरिकेत ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

खऱ्या कुत्र्यासमोर गाण्याच्या त्या प्रसंगाचा एल्विसच्या चरित्रांतून त्याचा अपमान म्हणून उल्लेख येतो. तो होताच. पण त्याहून मोठी गोष्ट त्या दिवशी टेलिव्हिजनवर साऱ्या देशाने पाहिली आणि कुणाच्या लक्षात आली नाही. ऐतखाऊ पुरुषाला हाकलणारी बाई गाण्यातून पूर्ण नाहीशी झाली होती. पुरुष होता तिथे कुत्रा आला होता आणि बाई होती तिथे पुरुष. गाण्याचा रागही गेला आणि रागाचं कारणही गेलं. स्वतः लीबरला या बदललेल्या शब्दांना काही अर्थ नाही असं वाटत असे. पण गंमत पाहा, अर्थ गेल्यावरच गाणं सर्वांचं झालं. बाईचा नकार तेवढा काढून टाकला, बाकी ताल, जोश, ओरडा सगळं ठेवून घेतलं.

इथे काही मैत्रिणी विचारतील, आणि विचारायलाच हवं: गाणं म्हणजे काय कुणाच्या मालकीची जमीन आहे का? गाणी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात, बदलतात, म्हणूनच जगतात. एल्विस स्वतः गरीब घरातला, काळ्यांचं संगीत ऐकत वाढलेला. त्याने ते मनापासून गायलं, यात त्याचा काय गुन्हा?

मला हे म्हणणं मान्य आहे. एल्विसला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात मला रस नाही. थॉर्नटनने दुसऱ्यांची गाणी गायली, इतरांनी तिची गायली, तसंच त्यानेही गायलं. प्रश्न गाणं फिरण्याचा नाही. गाणं फिरताना पैसा, नाव आणि अर्थ दर वेळी एकाच दिशेने का वाहतात, हा प्रश्न आहे. काळ्यांकडून गोऱ्यांकडे, गाणारीकडून मालकाकडे, बाईकडून पुरुषाकडे. या तिन्ही उतारांच्या तळाशी एकच व्यक्ती उभी होती. म्हणून तिच्यापाशी काहीच पोचलं नाही.

यातला कायद्याचा भाग समजून घेणं अवघड नाही. एका रेकॉर्डमध्ये तीन जणांचा हक्क गुंतलेला असतो. ज्यांनी शब्द आणि चाल रचली ते, त्यांच्याकडून हक्क घेणारा प्रकाशक धरून. ज्याने ध्वनिमुद्रण केलं तो कंपनीमालक. आणि जिने गायलं ती. एल्विसची रेकॉर्ड खपली तेव्हा पहिल्या गटाला पैसे मिळाले, म्हणजे लीबर-स्टोलरची वाट उघडली. एल्विसला आणि त्याच्या कंपनीला त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे मिळाले. थॉर्नटनचा या रेकॉर्डशी कायद्याने काहीही संबंध नव्हता. हे एक वेळ समजू शकतं. पण तिची स्वतःची, तिच्याच आवाजातली रेकॉर्ड अमेरिकेतल्या रेडिओवर वाजली, तरी तिला काही मिळत नव्हतं. गीतकार-संगीतकारांना मिळत होतं. साध्या रेडिओच्या बाबतीत हा नियम तिथे आजही कायम आहे. डिजिटल प्रसारणातून गायकांना वाटा देणारा कायदा १९९५ साली झाला. १९७२ पूर्वीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांना त्यात नीट जागा मिळायला २०१८ साल उजाडलं. तेव्हा ती जाऊन ३४ वर्षं झाली होती.

हा नियम कोणत्या विचारातून येतो? जे कागदावर लिहिता येतं ती ‘निर्मिती’. जे देहाने, श्वासाने, गळ्याने केलं जातं ती नुसती ‘सेवा’. तिची मजुरी एकदा दिली की संपलं. बायकांच्या कामाकडे पाहण्याची ही नजर आपल्या चांगली ओळखीची आहे. रोज केलेल्या, हाताने केलेल्या, पुन्हा पुन्हा केलेल्या कामाला मोल नाही, कारण ते नोंदवहीत चढत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकरांनी पार्श्वगायकांना रॉयल्टी मिळाली पाहिजे असा आग्रह धरला. गाण्याचे पैसे घेतले की गायकाचा हक्क संपला, असं मोहम्मद रफींचं मत होतं. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंही थांबवलं. रफींच्या म्हणण्यात लोभ नव्हता, उलट सौजन्यच होतं. पण तो नियम गाणाऱ्यांच्या हिताचा नव्हता. भारताच्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क १९९४च्या दुरुस्तीने आला आणि व्यापारी वापरातल्या रॉयल्टीचा हक्क २०१२च्या दुरुस्तीने. लता मंगेशकर अडून बसू शकल्या, कारण त्यांच्यावाचून चित्रपटांचं चालत नव्हतं. विली मे थॉर्नटनला तेवढं बळ नव्हतं. म्हणूनच असा हक्क कायद्यात लिहिलेला असावा लागतो. तो एकेकीच्या ताकदीवर सोडून चालत नाही.

कुणी म्हणेल, तिने स्वतः गाणी लिहिली असती तर? लिहिली ना! ‘बॉल अँड चेन’ हे तिचं स्वतःचं गाणं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका छोट्या कंपनीसाठी तिने ते ध्वनिमुद्रित केलं. कंपनीने रेकॉर्ड काढलीच नाही, पण हक्क मात्र आपल्याकडे ठेवले. १९६७ साली माँटेरेच्या संगीत महोत्सवात जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या गायिकेने ते गायलं आणि ती रातोरात गाजली. जॉप्लिनने थॉर्नटनची परवानगी मागितली होती, ती तिचं नावही आदराने घेत असे. एका बाईने दुसरीशी जसं वागावं तसं ती वागली. त्यामुळे थॉर्नटनला पुन्हा कार्यक्रम मिळू लागले, हेही खरं. पण गाण्याच्या हक्काचे पैसे कंपनीकडे गेले. म्हणजे गायलं तर ‘लिहिलं नाहीस’, आणि लिहिलं तर ‘सही करून दिलीस’. व्यक्तिगत चांगुलपणाची धाव कुठवर, तेही यातून कळतं. करारात जे लिहिलं आहे, ते मैत्रिणीच्या आदराने पुसलं जात नाही.

तरीही तिला केवळ बिचारी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. ती तीस वर्षांहून अधिक काळ गात राहिली. १९६५ साली ब्लूज कलावंतांच्या चमूबरोबर युरोपचा दौरा केला. आजारी, वाळलेली, तरी आपल्या पुरुषी वेशात, टोपी घालून रंगमंचावर बसून गायली. २५ जुलै १९८४ ला, ५७व्या वर्षी, लॉस एंजेलिसमधल्या भाड्याच्या खोल्यांच्या एका घरात ती गेली. तिच्या थडग्याच्या दगडावर आणखी दोघांची नावं आहेत. वेगळ्या जागेचा खर्च कोण करणार?

मानसन्मान आले, पण त्यांची क्रमवारीही बोलकी आहे. रॉक अँड रोलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये एल्विसचा समावेश १९८६ सालच्या पहिल्याच तुकडीत झाला. थॉर्नटनचा २०२४ साली. ग्रॅमीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये एल्विसचं ‘हाउंड डॉग’ १९८८ मध्ये गेलं, तिचं २०१३ मध्ये. २०२२ साली एल्विसच्या जीवनावरचा चित्रपट आला, त्यासाठी डोजा कॅट या तरुण कृष्णवर्णीय गायिकेने थॉर्नटनच्या गाण्याचा धागा घेऊन नवं गाणं केलं. त्यात कुत्रा पुन्हा पुरुष झाला आणि बाई पुन्हा त्याला बाहेरचा रस्ता दाखवू लागली. जवळजवळ सत्तर वर्षांनी गाण्याला त्याचा राग परत मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला.

पण सन्मान म्हणजे हिशेब नव्हे. म्हणून माझं म्हणणं दोन गोष्टींपुरतं आहे. पहिली अशी, की गाणारी, नाचणारी, वाजवणारी बाई कामगार आहे. तिच्या कलेच्या कौतुकाआधी तिच्या करारावर बोललं पाहिजे. आपल्या संघटनांकडे कायद्याची जाण असलेल्या मैत्रिणी असतात. घरकामगार, अंगणवाडीताई यांच्या कागदपत्रांत आपण लक्ष घालतो, तसंच कलावंत बायकांच्या कागदपत्रांतही घालायला हवं. सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखवणं, त्याची एक प्रत तिच्याकडे राहील हे पाहणं, इतकं साधं काम आहे ते. दुसरी गोष्ट, एखादं बाईचं गाणं ‘सर्वांना आवडेल असं’ होऊन आपल्यापुढे आलं, की त्यातून काय वगळलं गेलं हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. बहुतेक वेळा वगळलेला असतो तो तिचा नकार.

विली मे थॉर्नटनची मूळ रेकॉर्ड आज सहज ऐकायला मिळते. तीन मिनिटांपेक्षाही कमी वेळ लागतो. एकदा जरूर ऐका, शक्य झालं तर बैठकीत चारजणी मिळून ऐका. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. कुणाला तरी दाराबाहेर काढलं जातंय आणि काढणाऱ्या बाईला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये, एवढं तिच्या आवाजावरूनच कळतं.